भिंतीपलीकडच्या घोणशी

महापे गाव
१० फेब्रुवारी २०२५

डॉ. अफिफा हळदे यांना कमळाकर मढवी यांचा नमस्कार.

तुमची माझी भेट नाही, म्हणून आधी ओळख देतो. तुमच्या कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून आमची चार मजली सोसायटी आहे, तिचा मी अध्यक्ष. तुमच्या जागेत औषधाच्या बाटल्या भरतात अशी आमची आजवर समजूत होती. गेल्या आठवड्यात पांढरे उंदीर घेऊन येणारा टेम्पो चुकून आमच्या गेटवर आला आणि ड्रायव्हरने वॉचमनला सांगितलं की हे सापांना घालायला आहेत. मग आम्ही चौकशी केली. तुम्ही घोणशी पाळता. नुसत्या पाळत नाही, त्यांची पिल्लं काढता.

बाई, घोणस काय असते ते मला कोणी शिकवायला नको. एमआयडीसी यायच्या आधी तुमच्या कंपनीच्या जागी आमचं भाताचं खाचर होतं. कापणीला बसलं की विळ्यापासून हातभर अंतरावर घोणस, असं आमचं बालपण गेलं. आयुष्यात जेवढ्या दिसल्या तेवढ्या मी ठेचल्या आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. एका घोणशीला तीस-चाळीस पिल्लं होतात, आणि जन्मलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. असा कारखाना आमच्या पोराबाळांच्या उशाशी चालणार नाही.

मार्चअखेरपर्यंत साप हलवा. नाहीतर सोसायटी आणि गावठाण मिळून मोर्चा तुमच्या गेटवर आणू. उत्तर कागदावर द्या. व्हॉट्सॲपवर आलेलं पत्र दुपारपर्यंत चार ग्रुपमध्ये फिरतं आणि संध्याकाळी त्याचा वेगळाच अर्थ निघतो.

कमळाकर मढवी


महापे एमआयडीसी
१२ फेब्रुवारी

मढवीसाहेब, सलाम.

कागदावर उत्तर मागितलंत ते आवडलं. मीही ग्रुपना कंटाळलेय.

होय, आम्ही घोणशी पाळतो, आणि त्यांची पैदास करायची म्हणूनच पाळतो. परवानग्या रिसेप्शनच्या भिंतीवर लावलेल्या आहेत, येऊन वाचा. मी प्राण्यांची डॉक्टर. मूळची श्रीवर्धनची, राहते खारघरला. सापांच्या विभागाची जबाबदारी माझी आहे, त्यामुळे जे काही विचारायचं ते मलाच विचारा.

साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन सापाच्याच विषापासून बनतं. विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, आणि त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. चांगलं विष हवं असेल तर साप निरोगी हवा. रानातून पकडलेल्या घोणशीच्या अंगात जंत असतात, ती डब्यात नीट खात नाही, बऱ्याचदा लवकर मरते. मग दुसरी पकडा. आमच्याकडे जन्मलेली घोणस वर्षानुवर्षं राहील, आणि तिची आई कुठल्या डोंगरावरची होती ते आम्हाला माहीत असेल. याचा उपयोग तुमच्याच पोराबाळांना आहे.

सुरक्षेचं म्हणाल तर सापांच्या खोलीला दोन दारं आहेत. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. प्रत्येक घोणशीच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे, आणि मोजणी रोज होते. आमची एक जरी घोणस तुमच्या आवारात सापडली तरी मोर्चाचे कष्ट घेऊ नका. मी स्वतः कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देईन.

एकदा येऊन बघा. चहा माझ्याकडून.

अफिफा हळदे


महापे गाव
३ मार्च

डॉक्टरबाई, नमस्कार.

शनिवारी येऊन गेलो. तुम्ही आणि तुमच्या मदतनीस तेजसने सगळं न लपवता दाखवलंत, हे कबूल करतो. दारं पाहिली. डबे पाहिले, प्रत्येकाला कुलूप पाहिलं. खोलीत शिरल्या शिरल्या चारी बाजूंनी प्रेशर कुकर सुटल्यासारखा फुत्कार झाला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले, हेही तुम्ही पाहिलंत. तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल आभार.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या सात नंबरच्या घोणशीला तुम्ही पारदर्शक नळीत घेतलंत, तेजसने तिच्या पोटावर जेल लावलं आणि तुम्ही सोनोग्राफी केलीत. तुम्ही मला स्क्रीनवर पिल्लांच्या सावल्या दाखवत होतात. तुमचा चेहरा असा झाला होता की घरातलीच कोणी बाळंतपणाला आली आहे. मला ते पाहवलं नाही, म्हणून चहा न घेता निघालो. तुम्हाला वाटलं असेल म्हातारा घाबरला.

माझा धाकटा भाऊ गोटीराम याला घोणस चावली ती याच जागेत, कापणीच्या दिवसांत. आम्ही भगताकडे गेलो नाही. सरळ दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन होतं, डॉक्टरही चांगला होता. बाटलीमागून बाटली लावली. लघवी बंद झाली ती सुरू झाली नाही, आणि तो गेला. तेव्हा औषध होतं, बाई. औषध होतं, दिलं, तरी माणूस गेला. म्हणून तुम्ही औषधासाठी घोणशी वाढवता असं म्हणता तेव्हा मला त्यात फक्त घोणशी दिसतात.

मोर्चाचं पत्र पोलिसांना देण्यासाठी तयार आहे. सही बाकी आहे.

कमळाकर मढवी


महापे एमआयडीसी
६ मार्च

मढवीकाका,

सही करण्याआधी एवढं वाचा.

गोटीरामकाकांना काय झालं असतं नि काय नाही, हे मी सांगू शकत नाही. कागद न बघता तसं सांगणारा डॉक्टर खोटा समजा. पण औषध देऊनही माणूस का जातो, या प्रश्नासाठीच मी ही नोकरी धरलीय. घोणस सगळीकडे एकच दिसते, पण तिचं विष सगळीकडे एकसारखं नसतं. दूरच्या प्रांतातल्या सापांच्या विषावर केलेलं इंजेक्शन इथल्या दंशावर कमी पडू शकतं. बाटल्यांवर बाटल्या लागतात, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं जातात. म्हणून मला इथलं विष हवंय. पारसिकच्या डोंगरावरच्या घोणशीचं, रायगडातल्या घोणशीचं. आणि ते दरवर्षी, खात्रीने, एकाच घराण्यातलं हवंय. रानातून साप उचलत राहून ते होणार नाही. पैदास केली तरच होईल.

सात नंबर पारसिकची आहे. जुलैच्या सुमाराला तिला पिल्लं होतील. तोपर्यंत थांबा, एवढंच मागते. मी दिलेला शब्द कायम आहे. एक जरी बाहेर सापडली तरी किल्ली तुमची.

आणि माझा चेहरा तसाच होता. ते नाकारत नाही.

अफिफा


महापे गाव
५ जून, सकाळ

डॉ. अफिफा हळदे यांना,

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात, मागच्या भिंतीपाशी, घोणस सापडली. चांगली मनगटाएवढी जाड. मी ती प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये जिवंत कोंडून ठेवली आहे.

तुमच्या शब्दावर मी सभासदांकडून जुलैपर्यंतची मुदत मागून घेतली होती. पुष्कळांनी नावं ठेवली. आता मला त्यांच्या तोंडाला उत्तर राहिलेलं नाही. तुम्हाला भेटायला गेटवर आलो तर तुम्ही ईदसाठी गावाला गेल्याचं कळलं. किल्ली कधी देताय, ते कळवा.

कमळाकर मढवी


५ जून, दुपार

मढवीकाका,

मी श्रीवर्धनला आहे. तेजसने तुमचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. हे उत्तर मी सांगतेय, अक्षर त्याचं आहे.

आमची आज सकाळची मोजणी पूर्ण आहे. ती घोणस आमची नाही. पण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, आणि माझी वाटही बघू नका. ड्रम घेऊन आत्ताच आत या. हवे तेवढे सभासद सोबत आणा. तेजस चिप तपासायचं मशीन लावेल. मशीन वाजलं तर किल्ली त्याच्याकडूनच घ्या, मी येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. मी त्याला तसं सांगून ठेवलंय.

ड्रम सावलीत ठेवा. झाकणाला भोकं आहेत ना ते बघा.

अफिफा
(लिहिणार: तेजस)


महापे गाव
९ जून

डॉक्टरबाई, नमस्कार.

तेजसने सांगितलं असेलच, तरी माझ्याकडूनही तुम्हाला कळावं म्हणून जसं झालं तसं लिहितो.

माझा मुलगा मितेश बिल्डिंगची कामं घेतो. त्याच्या साइटवरचं राबिट, म्हणजे फोडलेल्या विटा नि प्लास्टर, बरेच महिने आमच्या मागच्या भिंतीला टेकून पडलं आहे. त्या ढिगाशी सरस्वती, माझी बायको, तुळशीची जुनी माती टाकायला गेली, आणि फुत्कार ऐकून मागे आली. मी बांबूने घोणस आडव्या ड्रममध्ये ढकलली आणि झाकण लावलं. तेवढ्यात मितेश सळई घेऊन आला. मी ड्रमच्या पुढे उभा राहिलो. त्याला सांगितलं की हा पुरावा आहे, ती मेली तर त्या बाई सुटतील. तिला वाचवायचा विचार माझ्या मनात अजिबात नव्हता, हे तुम्हाला ठाऊक असावं. दिसलेली घोणस मी मारली नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि ते तुम्हाला अडकवण्यासाठी.

तुमचं उत्तर आल्यावर मी, मितेश आणि आमचा सेक्रेटरी स्वानंद ड्रम घेऊन आत आलो. तेजसने आकड्याने तिचं तोंड नळीत वळवलं, अर्धी आत शिरल्यावर पकडलं आणि मशीन पाठीवरून फिरवलं. आवाज नाही. स्वानंद म्हणाला मशीन बंद असेल. मी तेजसला म्हटलं, तुमच्या रॅकमधली मी दाखवतो ती काढ. मी कोपऱ्यातला डबा दाखवला. त्या घोणशीवर मशीन नेल्या नेल्या वाजलं. परत आमच्या ड्रममधल्या घोणशीवर नेलं, आवाज नाही. मग मी मशीन स्वतःच्या हातात घेतलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवलं. काही नाही. तेजस म्हणाला, काका, ही रानातली आहे आणि पोटुशी आहे.

बाहेर आल्यावर मितेश माझ्या बाजूने चालत होता. तो वाईट नाही. भिंतीपलीकडे साप असले तर त्याच्या नव्या बिल्डिंगमधली घरं कोण घेणार, ही त्याची चिंता खरी आहे. तो म्हणाला, “बाबा, मीटिंगमध्ये मशीनचं काही काढू नका. चिप पडली असेल म्हणू. कोण तपासायला जातंय?”

मी चालता चालता विचार केला. एवढ्या एका वाक्याने मला पाहिजे ते मिळत होतं. तुमच्या शब्दाप्रमाणे किल्ली माझ्या हातात, घोणशी गावाबाहेर, मुलगा खूश. आणि खोटं तुम्हाला सिद्धही करता आलं नसतं.

काल मीटिंग झाली. सगळे हॉलमध्ये जमले होते, बायकाही आल्या होत्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “जनावर त्यांचं नाय. आपल्या राबिटच्या ढिगातलं हाय. मी माझ्या हातानं तपासलंय.” मग मशीन कसं वाजलं नि कसं नाही वाजलं ते सगळं सांगितलं. मितेश उठून निघून गेला. बाकीचे काही बोलले, काही नुसते बघत बसले.

तुमची बाजू घ्यावी म्हणून मी हे केलं नाही. घोणशी भिंतीपलीकडे नसत्या तर बरं, असं मला अजूनही वाटतं. पण जे हातात घेऊन पाहिलं, ते पाहिलं नाही असं सांगणं मला जमलं नाही.

राबिट उचलायला मजूर सांगितले आहेत.

कमळाकर मढवी


महापे एमआयडीसी
११ जून

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनाही वाचायला दिलं. पत्र परत देताना ते उठून उभे राहिले.

तुमच्या ड्रममधली घोणस वनखात्याने नेली. वस्तीपासून लांब, डोंगरात सोडली. मला ती ठेवून घेण्याचा मोह झाला होता. पारसिकची, धडधाकट, पोटुशी. पण परवानगीत जेवढ्या आहेत तेवढ्याच, त्यावर एकही नाही. तुम्ही नियमाने वागलात, मग मी नियम कसा मोडू?

आता माझं ऐका. तुम्ही पहिल्या पत्रात आमच्या खोलीला कारखाना म्हणालात. तीस-चाळीस पिल्लांचा हिशेब मांडलात. मी तो खोडला नाही, कारण खोडायचा तर खरं सांगावं लागलं असतं. काका, या खोलीत आजवर एकही पिल्लू जिवंत जन्मलेलं नाही. दोन वर्षं घोणशी गाभण राहिल्या, आणि दोन्ही वेळा पिल्लं मेलेलीच निघाली. मी एकेक उचलून ट्रेमध्ये ठेवली आहेत. मॅनेजमेंटने मला या जुलैपर्यंतचीच मुदत दिलीय. ज्याच्याविरुद्ध तुम्ही मोर्चा काढणार होतात, ते अजून सुरूच झालेलं नाही.

तरी मला खात्री आहे, आणि ती उगाच नाही. आधी आम्ही खोली बारा महिने एकाच तापमानाला ठेवत होतो. एसीच्या आकड्यावर आम्ही इतके खूश होतो की रानात थंडी पडते हेच विसरलो. घोणशीच्या शरीराला हिवाळा लागतो, त्यावर तिचं पुढचं सगळं ठरतं. यंदा नोव्हेंबरपासून मी रात्री खोली गार होऊ दिली, दिवसा हळूहळू तापवली. नर एकमेकांशी झुंजले. तसं आधी कधीच झालं नव्हतं. सात नंबरच्या पोटातली पिल्लं मी मागच्या आठवड्यात पाहिली. हलताहेत.

या वेळी होणार. तुम्हीही बघायला या.

अफिफा


महापे गाव
२४ जून

अफिफाबाई,

अध्यक्षपद गेलं. रविवारी हात वर करून मतं घेतली आणि स्वानंदला निवडलं. माझ्या बाजूला फार हात नव्हते. मितेशने हात वर केला नाही, ना इकडे ना तिकडे. तो माझ्याशी बोलत नाही. जेवायला मी उठल्यावर बसतो.

वाईट वाटून घेऊ नका. मलाही फारसं वाटलेलं नाही. कारण त्यानंतर स्वानंदने मोर्चाचा कागद सह्यांसाठी टेबलावर ठेवला, तर एकेक जण चपला शोधायला लागला. मला काढायला सगळे तयार होते. पण मी खोटं बोललो असं म्हणायला कोणी तयार नव्हतं. कागद कोराच परत गेला. मोर्चा येणार नाही.

तुम्ही तुमचं काम करा.

कमळाकर


३ जुलै

काका,

सात नंबरने उंदराला तोंड लावणं बंद केलंय, आणि सारखी जागा बदलतेय. आज-उद्यात होईल. गेटवर तुमचं नाव देऊन ठेवलंय. या.

अ.


महापे गाव
६ जुलै

अफिफा,

वयाने माझ्या मुलीसारखी आहेस, म्हणून आजपासून अगं-तुगं. चालत नसेल तर सांग.

शुक्रवारी तू माझ्या शेजारीच उभी होतीस, तरी तुझं लक्ष माझ्याकडे नव्हतं. म्हणून काचेच्या माझ्या बाजूला काय झालं ते लिहितो.

पहिलं पिल्लू आलं ते पातळ पडद्यात गुंडाळलेलं होतं, दुधाच्या पिशवीसारखं. ते हललं नाही. तेजसने आधीच ट्रे काढून ठेवला होता. तू त्याच्याकडे न बघता हात मागे केलास आणि तो ट्रे बाजूला सारलास. मी तुझा हात बघत होतो. इतके महिने तू मला छातीठोक पत्रं लिहिलीस, आणि त्या हाताची मूठ अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

मग पडदा एका ठिकाणी फुगला. इवलंसं तोंड बाहेर आलं, जीभ बाहेर आली. पाठीवर आईसारखीच साखळी, जन्मतः काढलेली. अंग सुकायच्या आत त्याने वेटोळं घातलं आणि आपल्याकडे बघून फुत्कारलं. एवढंसं जनावर, आणि आवाज मोठ्याचा. तू हसलीस आणि डोळे पुसलेस. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि तू मोठ्याने मोजायला लागलीस.

मला आनंद झाला असं लिहिलं तर पूर्ण खरं होणार नाही. प्रत्येक पिल्लाबरोबर अंगावर काटा येत होता. पण मी तिथून हललो नाही, आणि मध्ये एक पिल्लू बराच वेळ पडद्यात अडकलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. ते सुटावं असं वाटत होतं. मला, कमळाकर मढवीला, घोणशीचं पिल्लू सुटावं असं वाटत होतं. हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, म्हणून तुला लिहितो.

संध्याकाळी घरी आलो. सरस्वती चहा गाळत होती. मितेश बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसला होता. मी आत आल्यावर त्याने आवाज कमी केला, पण मान वळवली नाही. या सगळ्या महिन्यांत सरस्वती मला एका शब्दाने बोलली नव्हती. मीटिंगचं नाही, अध्यक्षपदाचं नाही, मुलाच्या अबोल्याचंही नाही. चहाचा कप माझ्यासमोर ठेवून ती तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं किती झाली. मी सांगितलं एकतीस, सगळी जिवंत.

ती पदराला हात पुसत म्हणाली, “न् आय कशी हाय?”

मला ते ठाऊक नव्हतं. कळव.

कमळाकरकाका